आकडा आला कुठून?

१९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी फळ्यावरचा तक्ता पाहत बसला होता. प्राध्यापकांनी एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून नव्याने लिहावे लागत. ही पुसापुशी यंत्राने आपणहून केली तर? बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने ते घडवले आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' हे स्प्रेडशीट विक्रीला आले.

तोवर कंपनीच्या संगणकाला काही विचारायचे तर संगणक विभागाकडे मागणी नोंदवायची, प्रोग्रॅमरला सवड मिळेपर्यंत थांबायचे आणि छापील अहवालांचा गठ्ठा हाती येईपर्यंत प्रश्नच शिळा झालेला असायचा. आता ज्याचा प्रश्न, त्यानेच उत्तर काढायचे. आज ज्याला 'सेल्फ-सर्व्हिस बीआय' म्हणतात, त्याचे बीज इथे आहे.

यातला 'बीआय' म्हणजे 'बिझनेस इंटेलिजन्स'. हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये तो वापरला तेव्हा त्यांच्यासमोर आकडे नव्हे, दस्तऐवज होते. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनर यांनी तो निर्णयासाठी माहिती वापरण्याच्या पद्धतींना लावला आणि पुढच्या दशकात त्या नावाने मोठ्या, महाग यंत्रणा उभ्या राहिल्या. त्यांतला आकडा तपासलेला असे. पण नवा प्रश्न सुचला की पुन्हा संगणक विभागापुढे रांग. माणसे मग अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेत आणि आपापल्या शीटवर काम करत.

एक्सेलही बदलत होते. १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकासाठी आलेल्या 'लोटस इम्प्रूव्ह'ने मूळ माहिती एकीकडे आणि ती पाहण्याची मांडणी दुसरीकडे ठेवली. हीच कल्पना एक्सेल ५ मध्ये 'पिव्होट टेबल' म्हणून आली, तेव्हा रकाना ओढून टाकला की जिल्हावार विक्री महिनावार दिसू लागली. एकही सूत्र न लिहिता!

स्वातंत्र्य मिळाले, पण शीटच्या चौकटीत एक दोष राहून गेला. चौकटीत उत्तर दिसते, ते कसे आले हे दिसत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध जगभर काटकसरीच्या धोरणांसाठी पुढे केला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून उघडली. सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश हिशेबात नव्हतेच. लेखकांनी ही चूक मान्य केली. निष्कर्षांवर इतरही आक्षेप होते, पण ही चूक नुसता निबंध वाचून कुणालाच दिसली नसती.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडने त्याहून जिव्हारी लागणारा अनुभव घेतला. कोविडच्या चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाईलमध्ये भरले जात होते. अशा फाईलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या नोंदी गळाल्या आणि १५,८४१ बाधितांची माहिती संपर्क शोधणाऱ्यांपर्यंत उशिरा पोहोचली.

दरम्यान नवी साधनेही येत होती. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून २००३ मध्ये निघालेल्या 'टॅब्लो'ने आकड्यांची चित्रे सोपी केली. २०१० च्या 'पॉवर पिव्होट'ने लाखो ओळी एक्सेलला पेलवल्या. २०१५ च्या जुलैमध्ये 'पॉवर बीआय' सर्वांसाठी खुले झाले. जाहिरातीत रंगीत डॅशबोर्ड पुढे असतात. खरी मोलाची गोष्ट मात्र २०१३ मध्ये एक्सेलची जोडणी (ॲड-इन) म्हणून आलेली 'पॉवर क्वेरी' आहे. कुठली फाईल घेतली, कोणता रकाना काढला, कोणत्या ओळी गाळल्या, याची प्रत्येक पायरी तिथे क्रमाने नोंदली जाते. मधल्या पायरीवर बोट ठेवले की त्या क्षणीचा तक्ता समोर येतो. मूळ फाईलला धक्का लागत नाही, आणि महिनाअखेरीस नवी माहिती आली की 'रिफ्रेश' दाबायचे.

मराठी हिशेबनिसाला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. खतावणीतल्या नोंदीशेजारी रोजकीर्दीच्या पानाचा क्रमांक लिहायचा, म्हणजे कुणीही उलट जाऊन मूळ व्यवहार पाहू शकतो, ही शिस्त शीटच्या घाईत सुटली होती. ती परत येते आहे, तरी काम संपलेले नाही. 'विक्री' म्हणजे बिल केलेला माल की पैसे जमा झालेला, हे दोन विभागांनी आपसात ठरवले नसेल तर दोघांचे डॅशबोर्ड वेगवेगळे बोलतील, आणि ते ठरवणे कुठल्याच बटणाचे काम नाही.

पुढच्या महिन्यात त्याच साच्याची फाईल आली आणि हात सवयीने कॉपी-पेस्टकडे वळला, तर वाचकाने एकदा 'डेटा' टॅबवरचे 'गेट डेटा' उघडून पाहावे. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये २०१६ पासून पॉवर क्वेरीची ही सोय आतच आहे.