फॉल्ट कुणाच्या घरात?

23 मार्च 2021, मंगळवार. दिल्लीत करोल बागेत राहणाऱ्या अप्पांच्या फोनवर त्या सकाळी जीमेल उघडेना. क्षणभर दिसायचं आणि आपोआप बंद व्हायचं. बँकेचं अ‍ॅपही तसंच, आणि विजेचं बिल तर भरायचं राहिलेलं. नातीने फोन बंद करून चालू केला, अ‍ॅपची कॅशे साफ केली, जागा रिकामी केली, पण काही फरक पडला नाही. फोन 2018 चा, अँड्रॉइड 10 वर येऊन थांबलेला. घरातल्यांनी निकाल देऊन टाकला: फोनचं वय झालं, आता नवा घ्या.

नव्या फोनला अप्पांची ना नव्हती. पण याच फोनच्या रेकॉर्डरमध्ये त्यांच्या साताऱ्याच्या आक्कांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आक्का आदल्या वर्षी गेल्या. त्या आवाजाची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

नातीचा ऑनलाइन तास सुरू झाला, म्हणून अप्पा मास्क लावून एकटेच गफ्फार मार्केटमधल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन मिनिटभर हाताळला आणि म्हणाला, "अंकलजी, सॉफ्टवेअर उड़ गया है. रीसेट मारना पड़ेगा. डेटा नहीं बचेगा."

अप्पांच्या पोटात गोळा आला. फोन परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात शेजारची बाई आपला फोन काउंटरवर ठेवत म्हणाली, "भैया, सुबह से मेल बंद हो जाता है." तिचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता आणि चांगला नवा दिसत होता. तिच्या मागच्या मुलाचीही हीच तक्रार होती. दुकानदाराचं उत्तर तिघांना एकच: रीसेट.

अप्पांचं सगळं आयुष्य एमटीएनएलच्या फॉल्ट विभागात गेलं होतं. 198 वर तक्रार आली की एकाच घरचा फोन बंद आहे की सगळ्या गल्लीचे, हे ते आधी विचारत. गल्लीच बंद असेल तर कुणाच्या घरातलं यंत्र उघडून बसण्यात अर्थ नसतो, दोष केबलमध्ये शोधायचा असतो. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला त्यांनी हे शिकवलं होतं. इथे तीन कंपन्यांचे तीन फोन एकाच सकाळी एकाच तऱ्हेने अडले होते.

त्यांनी बाहेर येऊन नातीला फोन लावला. तो लागला, हीसुद्धा एक खूणच होती. "बाळ, कॉल लागतोय, कॅमेरा चालतोय, रेकॉर्डर चालतोय. मेल आणि बँक तेवढी बंद. या बंद पडणाऱ्या अ‍ॅपांत सारखं काय आहे, ते बघ. आणि माझ्या एकट्याचीच तक्रार आहे का, तेही बघ."

थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "आजोबा, जगभर हेच चाललंय! अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू नावाचा भाग आहे, त्यात घोळ झालाय."

अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायचं काम हा भाग करतो. कितीतरी अ‍ॅप त्याच्यावर विसंबून असतात, म्हणून तो एक बिघडला की अनेक कोसळतात. 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून त्याची अपडेट प्ले स्टोअरमधून वेगळी येते, एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. क्रोम आणि वेबव्ह्यूवर दुरून प्रयोग करण्याच्या आपल्या यंत्रणेत चूक झाली होती, असं गूगलने नंतर सांगितलं. म्हणजे त्या तिन्ही फोनांचा काही दोष नव्हता.

नात सांगत गेली तसं अप्पांनी दुकानाच्या पायरीवर बसून केलं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, सिस्टिम अ‍ॅप्स दाखवा, वेबव्ह्यू, वरचे तीन ठिपके, अपडेट काढून टाका. सिस्टिम अ‍ॅप मुळातून जात नाही, फक्त मूळ आवृत्तीवर परत येतं, आणि फोनमधल्या बाकी कशालाही धक्का लागत नाही. फोन बंद करून चालू केला. जीमेल उघडलं आणि उघडंच राहिलं. अप्पा उठून आत गेले आणि रीसेटची वाट पाहणाऱ्या त्या दोघांचे फोनही त्यांनी तसेच दुरुस्त करून दिले. दुकानदार जवळ येऊन पाहत होता. त्यानेही पायऱ्या लिहून घेतल्या.

घरी आल्यावर नातीने एक गोष्ट बजावली. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात, तेव्हा अपडेट काढणं हा तात्पुरता उपाय. दुरुस्त आवृत्ती, 89.0.4389.105, त्याच दिवशी निघाली होती. प्ले स्टोअरवर दिसताच अप्पांनी ती स्वतः बसवली. अपडेटवरचा त्यांचा विश्वास उडाला नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. एकदा पोळलेली माणसं अपडेटच बंद करून टाकतात आणि मग वर्षानुवर्षं फोन उघडा टाकून बसतात.

खरं तर ओव्यांची प्रत आधी काढायची आणि मगच फोनला हात लावायचा, हा क्रम हवा होता. तो त्या दिवशी चुकला आणि निभावला. रात्री नातीने ओव्या संगणकावर उतरवल्या, पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि साताऱ्याला आक्कांच्या मुलालाही पाठवल्या. तुमच्या फोनमध्येही असा एखादा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा.