मॉडेलच्या बाहेरचा माणूस

उंची 175 सेंटीमीटर, वजन 78 किलो, पुरुष. नाव हायब्रिड थ्री. गाड्यांच्या चाचण्यांमध्ये समोरून धडक खाणारा हा पुतळा जनरल मोटर्सने 1970च्या दशकात घडवला आणि अजून तो निवृत्त झालेला नाही. बाईचा पुतळा हवा झाला तेव्हा याच गड्याला मापात लहान करून 49 किलोवर आणलं गेलं.

आकुर्डीपासून चाकणपर्यंत या पुतळ्याला आणि त्याच्या कॉम्प्युटरमधल्या भावंडांना ओळखणारी पोरं पुष्कळ सापडतील. मेकॅनिकल करायचं, सीएईचा कोर्स करायचा, मग दिवसभर मेश करत बसायचं. मेश म्हणजे एखाद्या वस्तूचे हिशेबापुरते लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं. वस्तू दरवाजाचा पत्रा असो की मांडीचं हाड, सॉफ्टवेअरला फरक पडत नाही. फरक आपण भरलेल्या आकड्यांत असतो. म्हणून तर आज बंपर करणारा मुलगा उद्या गुडघ्याच्या इम्प्लांटवर काम करू शकतो, आणि बायोमेडिकल मॉडेलिंग हे करिअर इथल्या मुलांना वाटतं तितकं परकं नाही.

पण हाडाचे आकडे येतात कुठून? पत्रा लॅबमध्ये ओढून तोडता येतो. बरगडी किती दाबली की मोडते, हे जिवंत माणसावर कसं बघणार? ते मेलेल्यांनी सांगितलं आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात 1930च्या दशकाच्या अखेरीपासून मृतदेहांवर असे प्रयोग झाले. तिथल्याच अल्बर्ट किंग यांनी 1995 साली हिशेब मांडला की, या संशोधनातून आलेल्या सुधारणांमुळे 1987पासून दरवर्षी सुमारे 8,500 जीव वाचत असावेत. आज स्क्रीनवर रंगीत दिसणाऱ्या बरगड्यांच्या मागे अशी कुणाची तरी खरी बरगडी असते.

आपल्याकडे देहदान म्हटलं की दधीची आठवतो. वज्रासाठी हाडं देणारा ऋषी. गोष्टीतला महत्त्वाचा भाग मला वेगळाच वाटतो: देवांनी त्याला आधी विचारलं होतं. 1949च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली, आणि डॉक्टरांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. शरीराबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान असं न विचारता घेतलेल्या उधारीवर उभं आहे. ती परत करायची तर मेलेल्याला करता येत नाही. मग कुणाला करायची?

दिनेश मोहन यांच्या कामाकडे मी या प्रश्नाचं एक उत्तर म्हणून बघतो. आयआयटी मुंबईतून मेकॅनिकल, मग मिशिगन विद्यापीठातून बायोइंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट. माणसाची महाधमनी किती ताणली की फाटते, हे मोजण्याचं काम त्यांनी केलं. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत आयुष्य निघालं असतं. ते दिल्लीच्या आयआयटीत आले आणि त्यांनी माणूस बदलला. गणित तेच, पण धडक खाणारा आता गाडीत बसलेला नव्हता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या संशोधकांसोबत त्यांनी कॉम्प्युटरवर बसची पादचाऱ्याशी धडक घडवून पाहिली: बंपर किती उंचीवर असावा, किती मऊ असावा. पुढे सहकाऱ्यांबरोबर रिक्षाच्या पुढच्या भागाचंही तेच केलं. कडबाकुट्टीत बोटं गमावणाऱ्या खेड्यातल्या मुलांचाही अभ्यास केला. हे विषय कॉन्फरन्समध्ये मिरवायचे नव्हेत. मे 2021मध्ये कोविडने ते गेले.

2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के आणि पायी चालणारी 19.5 टक्के. म्हणजे दर पाचांतली तीन माणसं सीटबेल्ट आणि एअरबॅगच्या जगाबाहेरची. ऑक्टोबर 2023मध्ये भारत एनकॅप आलं, गाड्यांना तारे मिळू लागले, उत्तम झालं. पण ते तारे मुख्यतः आत बसलेल्यांसाठी असतात. आकुर्डीत तर हे जास्तच टोचतं. हे स्कूटरचं गाव. इथला चेतकचा कारखाना 2007मध्ये थांबला आणि जून 2022मध्ये इलेक्ट्रिक चेतकसाठी नव्या कारखान्याचं दार उघडलं.

यावर इंजिनिअरचं उत्तर ठरलेलं असतं: क्लायंट जे सांगेल ते आम्ही करतो. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: प्रत्येक माणसाचं मॉडेल करता येत नाही, सरासरी घ्यावीच लागते. खरंच आहे. सरासरीशिवाय चष्म्याची फ्रेमसुद्धा बनणार नाही. पण सरासरी कुणाची, हे गणित सांगत नाही. ते कुणीतरी एका खोलीत बसून, बजेट बघून ठरवलेलं असतं, आणि एकदा ठरलं की ‘मानवी शरीर’ एवढंच नाव उरतं. मॉडेलला विचाराल तर ते सगळ्यांच्या वतीने उत्तर देतं. आपण कुणाला मोजलं नाही हे ते आपणहून कधीच सांगणार नाही. ते ठाऊक असतं फक्त ते बनवणाऱ्याला. म्हणून इथे ‘मी फक्त मेश केला’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही.

गोष्टी हलतायत. स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने 2022मध्ये 162 सेंटीमीटर, 62 किलोचा, मुळातच बाईच्या शरीरावरून केलेला पुतळा दाखवला. टोयोटाने ‘थम्स’ हे आपलं मानवी शरीराचं मॉडेल 2021मध्ये फुकट खुलं केलं. म्हणजे पैशाची सबब थोडी कमी झाली. आकुर्डीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एखाद्या एमटेकच्या मुलीला प्रोजेक्टचा विषय हवा असेल तर एक सुचवतो. स्कूटरवर मागे, साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे टाकून बसलेली बाई. उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. डाव्या बाजूने धक्का बसला तर आधी गुडघा की खुबा? पदर चाकात गेला तर मान किती वळते? यातले कितीतरी आकडे आधी कुठूनतरी मिळवावे लागतील. ते कसे, कुणाकडून आणि कुणाला विचारून, हा प्रोजेक्टचा पहिला चॅप्टर.