विसरलेले बळ आणि राखलेली आठवण



ज्याला आपले सामर्थ्यच आठवत नाही, त्याला ते न वापरल्याचा दोष लागतो काय? प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण त्याचे टोक धरून ओढू लागले म्हणजे धागा थेट आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. म्हणून आज त्याचा थोडा विचार करू.

हा प्रश्न मला सुचलेला नाही. वारीच्या एका मुक्कामी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने तो विचारला. त्याने गोष्ट रचली ती अशी : परक्या ग्रहावरचा एक महाबली पृथ्वीवर येऊन पडला. पडताना डोक्याला मार लागला आणि मागचे सगळे विसरला. एका लहानशा गावाने त्याला ठेवून घेतले. तो पिठाची गिरणी चालवू लागला, चारचौघांसारखा राहू लागला. एके वर्षी नदीला पूर आला, पूल खचला, माणसे वाहून गेली. त्या पुलाला एका हाताने तोलून धरील एवढे बळ त्याच्या अंगात होते. पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. "महाराज, सांगा, पाप कोणाच्या माथी?"

बसलेली मंडळी हसली. मला हसू आले नाही. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी रचलेली सुपरमॅनची चित्रकथा १९३८ साली छापली गेली. क्रिप्टन नावाचा ग्रह नष्ट होतो, तिथले तान्हे मूल पृथ्वीवर येते आणि लहान गावातले एक शेतकरी जोडपे त्याला वाढवते, अशी ती कथा पुढे जगभर पसरली. आपली नातवंडेही ती बघतात. त्या महाबलीला आपले बळ ठाऊक असते. आमच्या या मुलाने त्याच्या जागी विसर घातला, आणि नकळत तो वाल्मीकींच्या दाराशी येऊन उभा राहिला.

कारण हाच प्रश्न साक्षात प्रभु रामचंद्रांनी विचारलेला आहे. उत्तरकांड पाहा. राज्याभिषेक झाला आहे, अगस्त्य ऋषी आले आहेत. राम त्यांना म्हणतात, वाली आणि सुग्रीव यांचे वैर पेटले तेव्हा या हनुमंताने वालीला वेलीसारखा जाळून का टाकला नाही? आणि बरं का, उत्तराचा अंदाजही तेच करतात : याला आपले बळ ठाऊक नसावे. विचारण्याची रीत बघा. आरोप नाही. आधी मित्राची बाजू स्वतःच मांडतात, मग कारण विचारतात.

अगस्त्य सांगतात ते असे. बाल हनुमंताला देवांनी वर दिले. त्या बळाच्या भरात तो ऋषींच्या आश्रमात धुडगूस घालू लागला. यज्ञाची पात्रे मोडी, वल्कले फाडी. भृगु आणि अंगिरस यांच्या कुळातल्या ऋषींनी शाप दिला. तोही फार रागावून नव्हे, असे वाल्मीकी मुद्दाम म्हणतात. शाप एवढाच की, तुझे बळ तुला दीर्घकाळ आठवणार नाही. पण कोणी त्याची आठवण करून देईल तेव्हा ते वाढेल.

आता पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, शापाला तुम्ही कितीही सौम्य म्हणा, त्याचे मोल कोणी भरले? सुग्रीवाने. त्याची पत्नी रुमा हिरावली गेली, तो वणवण फिरला, ऋष्यमूकावर जीव मुठीत धरून राहिला. तारणारा शेजारी बसलेला, आणि त्याला स्वतःचीच ओळख नाही! मग हा दोष कोठेतरी बसायला नको काय?

पूर्वपक्षाचे दुःख खरे आहे, ते मी नाकारीत नाही. परंतु दोष जाणण्यावर उभा असतो. जाणून केलेले आणि न जाणता झालेले, हा भेद धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या विचारातही राखला आहे. दिवा पदराआड लपवणाऱ्याला जाब विचारता येतो; आपल्या घरात दिवा आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला काय विचारणार?

एवढ्यावर मात्र विसरणारा सुटला असे समजू नका. बळ गेले, बाकी काय उरले होते ते बघा. हनुमंताची विद्या गेली नव्हती. भिक्षूचा वेष घेऊन तो रामलक्ष्मणांपुढे आला तेव्हा त्याच्या चार वाक्यांवरून राम लक्ष्मणाला म्हणाले, याने वेद अभ्यासले आहेत, व्याकरण नीट ऐकले आहे. एवढे बोलला, पण एक शब्द चुकला नाही. त्याची निष्ठाही गेली नव्हती. राज्य गेलेल्या सुग्रीवाला त्याने सोडले नाही. म्हणजे जे आठवत नव्हते त्याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. पण जे हाताशी होते ते त्याने सगळेच्या सगळे स्वामीच्या पायी वाहिले होते.

म्हणून त्या मुलाला मी म्हणालो, बाळ, तुझ्या गिरणीवाल्याने पूल का धरला नाही, हे विचारू नकोस. पूर आला तेव्हा गावातले इतर लोक दोर घेऊन पाण्यात उतरले, त्यांच्याबरोबर तोही उतरला का, एवढे विचार. उतरला असेल तर त्याच्या माथी पाप नाही. गिरणीचे दार लावून आत बसला असेल, तर विसराची सबब चालणार नाही. झोपलेल्याला उठवता येते. झोपेचे सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

मग भार कोणावर? तो जाणत्यावर. समुद्रतीरावरचा प्रसंग आठवा. शंभर योजने समुद्र समोर. वानर आपापली उडी मोजताहेत. कोणी दहा म्हणतो, कोणी वीस. वृद्ध जांबवंत नव्वदापर्यंत येतो. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येईन याची खात्री नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळे अंतर काहीच नाही, तो एका बाजूला गप्प बसलेला आहे. जांबवंत उठून त्याच्याजवळ जातो आणि सांगतो, तू कोणाचा कोण, जन्मलास कसा, लहानपणी सूर्याकडे कसा झेपावलास. त्याने नवे काही दिले नाही. जे होते तेच दाखवले.

आचार्यांनी बृहदारण्यकाच्या भाष्यात सांगितलेला दृष्टान्त याच जातीचा आहे. राजपुत्र लहानपणीच व्याधांच्या वस्तीत वाढतो, स्वतःला व्याधच समजतो. जाणता कोणी भेटतो आणि म्हणतो, तू व्याध नव्हेस, अमक्या राजाचा पुत्र आहेस. त्या एका वाक्याने तो पालटतो. संतसंगतीचे महत्त्व हेच. आपले विस्मरण आपल्याच बळावर सुटत नाही. दुसरा कोणीतरी सांगणारा लागतो.

सांगण्यालाही वेळ असते. दोघा भावांच्या भांडणात हनुमंताला जागा केला असता, तर ते बळ भाऊबंदकीत खर्ची पडले असते. सीतामाईच्या शोधाचे काम समोर आले तेव्हा त्याला जागे केले गेले. नुसती स्तुती केली तर ताठा चढतो. स्तुतीबरोबर काम दिले तर सेवा घडते. घरातल्या तरुण मुलांशी बोलताना वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता मघा म्हटलेल्या उंबरठ्याशी येऊ. एक वृद्ध विणेकरी माझ्या पाहण्यातले आहेत. चाळीसच्या वर वाऱ्या झाल्या. आता म्हातारपणाच्या रोगाने स्मृती गेली आहे. मुलाला ओळखत नाहीत, त्यालाच हात जोडून विचारतात, "माऊली, आपण कुठल्या गावचे?" त्यांच्या सुनेने मला एकांतात विचारले, "महाराज, अंतकाळी जे आठवेल तशी गती, असं गीतेत सांगितलंय ना? मामंजींना तर विठ्ठलाचं नावसुद्धा आठवत नाही. एवढ्या वाऱ्या फुकट गेल्या का हो?"

हा पंडिती वादाचा प्रश्न नव्हे. हा पोटातला प्रश्न आहे, आणि आज तो पुष्कळ घरांत आहे.

मी त्यांना सांगितले ते असे. गीतेच्या आठव्या अध्यायात ते वचन आहे खरे. पण त्याच्या लगेच पुढे भगवंत म्हणतात, म्हणून सर्व काळी माझे स्मरण कर. म्हणजे सगळा भार शेवटच्या एका श्वासावर टाकलेलाच नाही. तो उभ्या आयुष्यावर पसरला आहे. शिवाय श्रीवैष्णव परंपरेत वराहचरम श्लोक म्हणून प्रसिद्ध असलेले एक वचन आहे. त्यात वराहरूपी भगवंत म्हणतो, माझ्या भक्ताचे मन आणि शरीर धड असताना त्याने माझे स्मरण केले. पुढे तो लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, तर मी त्याचे स्मरण करतो आणि मी त्याला परमगतीस नेतो. बघा, आठवण नाहीशी झालेली नाही. ती ठेवणारा बदलला. इतकी वर्षे भक्ताने देवाची ठेवली, आता देव भक्ताची ठेवतो. मामंजींच्या वाऱ्या पंढरीरायापाशी जमा आहेत, बाई. त्या कुठे जात नाहीत.

मात्र देव सांभाळतो म्हणून आपण हात झाडून मोकळे झालो असे नाही. घरात जांबवंत व्हावे लागते. "ओळखा बघू मी कोण" अशी परीक्षा त्या म्हाताऱ्या माणसाची घेऊ नये. आपण होऊन नाव सांगावे. हरिपाठाच्या वेळी त्यांना आपल्यात बसवावे. आल्यागेल्यापाशी "यांना काही कळत नाही" असे त्यांच्या देखत म्हणू नये. "हे आमच्या दिंडीचे विणेकरी" असे म्हणावे. त्यांची ओळख त्यांना पेलत नाही तोवर ती आपण खांद्यावर घ्यावी; विणेकरी थकला म्हणजे दुसरा पुढे होऊन त्याच्या गळ्यातला विणा आपल्या गळ्यात घेतो, तशी.

तेव्हा सिद्धान्त इतकाच. विसर पडला हा दोष नव्हे. उरले आहे ते न देणे हा दोष. आणि दुसऱ्याची आठवण आपल्यापाशी असताना ती न सांगणे, न सांभाळणे, हा त्याहून मोठा दोष. ज्याच्या घरी असा कोणी विसरलेला बसला असेल, त्याने आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून सावकाश टाळ धरावा. ओठ हलले तर आनंद. न हलले तरी नाम वाया जात नाही.

रामकृष्णहरि.