क्रमवारीचें सूत्र

रणजी करंडकासाठीं १९३४ पासून खेळत आलेल्या संघांची सार्वकालिक क्रमवारी गणिताच्या सूत्रानें लावतां येईल काय? वरवर पाहतां काम सोपें आहे. २०२४ पर्यंत मुंबईनें करंडक ४२ वेळां जिंकला. त्यांपैकीं १५ वेळां, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत, ओळीनें. बीडला जन्मलेले संजय बांगर ज्या रेल्वे संघांतून खेळले, त्यानें तो २००१-०२ व २००४-०५ मध्यें मिळविला.

परंतु अंतिम सामन्यांतील पराजयास किती गुण द्यावे, जुन्या विजयाचें मोल किती घटवावें, हें बेरीज सांगत नाहीं; तें आपणच ठरवून सूत्रांत घालतों. बुद्धिबळांतील एलोंच्या पद्धतीनें बलवत्तर प्रतिस्पर्ध्यास हरविणारास अधिक गुण मिळतात, हें न्याय्यच. पण ती परस्परांतील सामन्यांच्या दुव्यांवर चालते. आणि रणजीचे प्राथमिक सामने कित्येक दशकें विभागवारच होत.

शिवाय १९४८ सालीं पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असतां काठेवाडानें सामना सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या ९ धावांवर होता! सूत्राच्या लेखीं तो महाराष्ट्राचा एक विजय, इतकेंच.

म्हणून सूत्र टाकावें असें नव्हे. तें नसेल तर प्रत्येकाचा गांवाभिमानच न्यायाधीश होईल. मात्र तराजू निर्जीव असला तरी वजनें माणसानें पाडलेलीं असतात. तीं उघडीं न दाखवितां केवळ निकाल सांगणारा गणिती अचूक असूं शकेल. न्यायी खचित नव्हे.