नकारातील दया

गरजू माणूस दारी येतो, काही मागतो, आणि ते देणे आपल्या हातात असते. तरीही त्याला ‘नाही’ म्हणणे हा कधी धर्म होऊ शकतो काय? दया म्हणजे देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग दयेच्या घरात नकाराला जागा कोठली? या प्रश्नाचा विचार रस्त्यावरच्या एका साध्या दृष्टांताने करावा, असे आम्ही योजिले आहे. दृष्टांत आहे स्कूटरच्या पंक्चरचा.

हल्लीच्या स्कूटरच्या चाकात पुष्कळदा ट्यूब नसते. टायर आणि रिंग यांच्यामधल्या पोकळीतच हवा कोंडलेली असते. अमेरिकेत फ्रँक हर्झेग यांना अशा टायरचे पेटंट १९५२ साली मिळाले. ट्यूबला खिळा लागला की हवा भसकन जाते. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा स्वतःच्या भोकाला बूच होऊन बसतो आणि हवा हळूहळू झिरपते. मिस्तरी साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहतो, पकडीने खिळा उपसतो, खरबरीत टोच्याने भोक घासून घेतो. मग सुईच्या नेढ्यात ओवलेली चिकट रबरी पट्टी सोल्यूशन लावून आत दाबतो. सुई झटक्याने बाहेर येते, पट्टी आत राहते. वर राहिलेले शेपूट कापले, हवा भरली, पुन्हा साबणपाणी लावून खात्री केली, की झाले काम. चाक खोलावेसुद्धा लागत नाही!

परंतु या उपायाला मर्यादा आहे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तेथलेच लहान भोक, फार तर ६ मिलिमीटरचे, असे बुजवावे. तेही तात्पुरते. पक्के काम म्हणजे टायर उतरवून आतून तपासणे व आतल्या बाजूने ठिगळ बसविणे. टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीला चीर गेली, तर मात्र पट्टी लावूच नये. कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती भिंत दबते आणि पुन्हा ताठ होते. १० इंची रिंगचे चाक एका किलोमीटरात ७०० हून अधिक फेरे घेते. घर २० किलोमीटरवर असेल, तर १४,००० वेळा ती पट्टी मुरगळली जाणार! ती केव्हा सुटेल याचा भरवसा नाही. आणि सुटली की हवा एकदम जाते, गाडी हातात राहत नाही.

आता समजा, तिन्हीसांजेची वेळ आहे. एक गृहस्थ गाडी ढकलीत दुकानापाशी येतो. बरोबर बायको आहे, पोर आहे. चीर नेमकी बाजूला. जुन्या चेतक स्कूटरला स्टेपनी असे. हल्लीच्या बहुतेक स्कूटरना ती नसते. गृहस्थ काकुळतीने म्हणतो, “भाऊ, लावा की एक पट्टी! घरापर्यंत गेलो म्हंजे झालं. नव्या टायरला आत्ता पैसे आणू कुठून?” मिस्तरी म्हणतो, “दादा, नाही व्हायचं हे.” आता सांगा, दयाळू कोण? पट्टी लावून देणारा, की नकार देणारा?

येथे कोणी शंका घेईल की, मागणाऱ्याने आपण होऊन मागितले, धोका त्याचा त्याने पत्करला. मिस्तरीने अडवावे कशाला? याचे समाधान असे की, पत्करण्यासाठी आधी कळावे लागते. पट्टी बसली, हवा भरली, बुडबुडा आला नाही, की गृहस्थाच्या डोळ्यांना सारे ठीकच दिसते. आतले दुबळेपण मिस्तरीला ठाऊक आहे, त्याला नाही. आणि त्या पोराने तर काहीच पत्करलेले नाही! जाणत्याने अजाणत्याच्या मागणीआड लपणे ही दया नव्हे. ती आपली सुटका झाली.

दुसरी शंका याहून बिकट आहे. मिस्तरी खरे बोलला, पण ते कुटुंब रस्त्यावरच राहिले. मग अशा खऱ्याचा उपयोग काय? ही शंका आम्हांस मान्य आहे. कोरडा नकार म्हणजे अर्धे काम. ‘नाही’ म्हणणाऱ्याने पुढची वाट दाखवावी. जुना पण धड टायर असेल तर तो चढवून द्यावा, गाडी रात्रभर दुकानात ठेवून घ्यावी, एस. टी. कोठे थांबते ते सांगावे. नकाराला अशी जोड मिळाली, की ती खरी दया होते.

परंतु वाचकहो, सारा उपदेश मिस्तरीलाच का? पट्टी लावली असती, तर त्याला मजुरी मिळाली असती. त्याने चाक तपासले, साबणपाणी लावले, खरे ते सांगितले, आणि गिऱ्हाईक एक पैसा न देता गाडी ढकलीत पुढे गेले. पुढल्या दुकानात कोणीतरी हसतमुखाने पट्टी लावून दिली. पैसेही त्याला, दुवाही त्याला! खरे बोलणारा उपाशी आणि गोड बोलणारा तृप्त, अशी व्यवस्था आपणच रोज चालवीत असलो, तर सचोटी राहिली नाही म्हणून रडायचे कोणाजवळ? वैद्य, वकील, गवंडी, शिक्षक, सर्वांच्या बाबतीत हेच आहे. आपल्याला हवे तेच ऐकण्याचे आपण पैसे मोजतो.

असो. नकार देणाऱ्याने वाट दाखवावी, आणि नकार घेणाऱ्याने त्याच्या श्रमाचे मोल द्यावे. मिस्तरी ‘नाही व्हायचं’ म्हणाला, तरी तपासणीची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी आणि मगच गाडी ढकलावी. त्या चार पैशांनी पुढच्या एखाद्या अनोळखी माणसाला खरे ऐकायला मिळेल.