सारखे सामने

तापीकाठच्या एका गावात, चोपडा तालुक्यात, एक आप्पा होते आणि त्यांचा नुकताच बारावी झालेला नातू. नोव्हेंबर 2022 चे दिवस. शिवारात कापसाची वेचणी चाललेली आणि तिकडे कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झालेला. नातू मैदानात कधी उतरला नव्हता, पण त्याने एक वही केली होती. रीत साधी. जो सामना व्हायचा आहे, त्याच्यासारखे जुने सामने हुडकायचे, त्यांचे गोल मांडायचे आणि त्यावरून निघेल त्या आकड्यावर पैसे लावायचे.

22 तारखेला अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया. वहीत सौदीचे पराभव ओळीने उतरवलेले: 2002 मध्ये जर्मनीकडून 8-0, 2006 मध्ये युक्रेनकडून 4-0, 2018 मध्ये रशियाकडून 5-0. आदल्याच दिवशी इंग्लंडने इराणला 6-2 असं झोडपलं, तेही खाली आलं. अर्जेंटिना तर सलग 36 सामने हरलेली नव्हती. पोराने हिशेब काढला: अर्जेंटिना तीन, सौदी शून्य.

"काय लिखी राहिना रे भाऊ?" आप्पा खाटेवरून म्हणाले.

त्याने सगळं समजावून सांगितलं. आप्पांना फुटबॉल कळत नव्हता, आकड्यांचा नाद मात्र त्यांनी जवळून पाहिला होता. एके काळी मुंबईचा सट्टा न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावावर चालायचा. 1961 च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचा मटका झाला. मडक्याला मागची चिठ्ठी आठवत नाही. तरी लोक जुन्या आकड्यांचे चार्ट घेऊन टपरीवर तासन्‌तास बसतच राहिले.

"ही सौदी कधी जिंकलीच नाही का?"

"जिंकली ना. 1994 ला बेल्जियमला एक-शून्यने हरवलं. पण ते लई जुनं झालं, आप्पा."

"आन्‌ हे एक-शून्य, याच्यावर काट का मारली?"

"तो 2006 चा स्पेनचा सामना. स्पेनने राखीव गडी उतरवले होते. तो धरायचा नाही."

"म्हणजे तुला पाहिजे ते सामने सारखे, आणि नको ते वेगळे."

पोरगा हसला. त्याने दोन क्विंटल कापूस गावातच खेडा खरेदीवाल्याला नऊ हजारांच्या भावाने दिला आणि अठरा हजार एका बुकीकडे लावले. बुकीकडेही हेच जुने निकाल असतात आणि भाव तोच ठरवतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी साडेतीनला सामना सुरू झाला. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर अर्जेंटिनाने तीनदा चेंडू जाळ्यात मारला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड ठरला. मध्यंतरानंतर 48 व्या आणि 53 व्या मिनिटाला सौदीने दोन गोल केले. 2-1. वहीत या निकालाला रकानाच नव्हता.

आप्पांनी पोराला अंगणात उभं करून झापलं. बरोबरच केलं. पण आतल्या खोलीत आप्पांचा तीस क्विंटल कापूस छतापर्यंत रचलेला होता, आणि सून रोज म्हणत होती, "मामंजी, नऊ हजार मिळताहेत, देऊन टाकू."

"थांब जरा. मागल्या साली दिवाळीला असाच होता, उन्हाळ्यात बारा हजारांच्या वर गेला."

नातवाने दारातून विचारलं, "आणि त्याच्या आदल्या साली, आप्पा?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

आप्पा एकटे नव्हते. त्या हंगामात खान्देशात घरोघर कापूस थांबला होता, कारण मागचं साल सगळ्यांच्याच लक्षात होतं. आणि सगळ्यांनी तेच एक साल सारखं धरलं होतं. घरातल्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, वजनात घट आली, भाव मात्र चढला नाही. पुढच्या पेरणीला बियाणं घ्यायची वेळ आली तेव्हा आप्पांनी सात हजारांच्या आसपास सगळा माल काढला. पोराचे अठरा हजार गेले होते, आप्पांचे साठ. पण आप्पांना निदान बोल लावता येत नाही. कापूस कधीतरी विकावाच लागतो. ते अठरा हजार पोराकडे कुणी मागायला आलं नव्हतं.

पुढच्या हंगामात नातवाने त्याच वहीत बाजारभाव लिहायला घेतले. आप्पांनी एकच अट घातली: पडत्या सालावर काट मारायची नाही. यादी पुरी झाल्यावर कुठलं साल यंदासारखं, हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून कापूस तीन हप्त्यांत विकला: दिवाळीला, संक्रांतीला आणि होळीला. भाव वर्षभर सात हजारांच्या आसपासच राहिला. फार मिळालं नाही, आणि फार गेलंही नाही.