ध्यान आणि व्यवहार

बेंगळुरू नगरीत आज ध्यानाची वाण नाही. बसवनगुडीचा रामकृष्ण मठ शतकाहून अधिक काळ साधकांना आश्रय देत आहे, कनकपुरा रस्त्यावर आर्ट ऑफ लिव्हिंगचा विस्तीर्ण आश्रम आहे, आणि पहाटे डोळे मिटून बसणारे गृहस्थ तर गल्लोगल्ली आढळतील. तथापि त्याच घरांतून अशीही तक्रार ऐकू येते : ‘आमचे यजमान तासभर ध्यान करतात खरे, पण उठल्यावर कॉफी निवलेली दिसली की घर डोक्यावर घेतात. मग त्या ध्यानाचा उपयोग काय?’ ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

ध्यानादी साधनांनी चित्ताला स्वास्थ्य लाभते, हे आता वैद्यकालाही मान्य होऊ लागले आहे. याच नगरीतील निम्हान्स या संस्थेच्या संशोधकांनी २००० साली तीव्र विषादाच्या ४५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सुदर्शन क्रिया या श्वसनसाधनाने औषधाच्या तोडीचा गुण आला; विद्युत्-उपचाराचा गुण मात्र अधिक होता. पण तेथे मोजला गेला तो रुग्णाचा स्वतःचा विषाद. तो मोलकरणीशी कसा बोलू लागला, हे कोणी मोजले नव्हते. स्वास्थ्य आणि सौजन्य या दोन वस्तू भिन्न आहेत.

आपल्या पुराणपुरुषांना हा भेद चांगला ठाऊक होता. विश्वामित्रांचे तप काय थोडे होते? परंतु रंभेला शाप देताना क्रोधाच्या एका झटक्यात ते वेचले गेले, आणि क्रोध जिंकल्यावाचून त्यांना ब्रह्मर्षिपद मिळाले नाही. एकाग्रता ही शक्ती आहे, आणि शक्ती ज्याच्या हाती जाईल त्याची चाकरी करते. अहंकाराच्या हाती गेली तर तो अधिकच बळकट होतो. ‘मी साधक, हे सारे संसारी’ हा ताठा कित्येक ध्यानकर्त्यांच्या बोलण्यात लपत नाही.

मग गीतेचे म्हणणे काय? अर्जुनाने स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारली, तीही अशी की, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. समाधीत त्याला काय दिसते, हे त्याने विचारले नाही. सहावा अध्याय तर ध्यानाचाच. आसन, दृष्टी, आहार, निद्रा हे सर्व तेथे सांगितले आहे. परंतु परमयोगी कोणास म्हणावे, हे सांगताना भगवंत आसनाकडे वळत नाहीत. दुसऱ्याचे सुखदुःख जो आपल्याप्रमाणे जाणतो तो श्रेष्ठ, असा त्यांचा निर्णय आहे. तेराव्या अध्यायात ते याहून पुढे जातात. अमानित्व, अदंभ, अहिंसा, क्षमा यांना ते ज्ञानाची फळे म्हणत नाहीत, ज्ञानच म्हणतात. तेव्हा ज्ञान झाल्यावर वर्तन सुधारते की नाही, हा प्रश्नच गीतेच्या दृष्टीने सदोष ठरतो. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये अहिंसेचे विवरण केले, ते पाऊल कसे पडते, वाणी कशी निघते, दृष्टी कशी वळते, हात कसा उचलला जातो, अशा बारकाईने. अर्जुनाच्या त्या प्रश्नाचे इतके तपशीलवार उत्तर मला तरी अन्यत्र आढळले नाही.

म्हणून ध्यान सोडावे काय? मुळीच नाही. राग उसळण्यापूर्वी जो क्षणभर अवकाश मिळतो, तो अभ्यासी मनालाच दिसतो. मात्र त्या क्षणाचा उपयोग करावयाचा की नाही, हे निराळे ठरवावे लागते. गृहस्थाने आसनावरून उठल्यानंतरची पहिली अर्धी घटका अभ्यासातच धरावी. त्या वेळी दूधवाला येतो, मुलाची पाटी म्हणा वही म्हणा सापडत नाही, पाण्याचा टँकर आलेला नसतो. तेवढा वेळ स्वर चढू न देण्याचा नेम करावा, आणि तो पाळला गेला की नाही हे स्वतः न ठरविता घरातील माणसांना विचारावे. तिसऱ्या दिवशी नेम मोडला तर चौथ्या दिवशी पुन्हा धरावा. मन जेथे जेथे धावेल तेथून त्याला परत आणावे, असे भगवंतांनी सांगितले आहे; किती वेळा, हे सांगितलेले नाही.